मुका मार आणि एक न विचारलेला प्रश्न

स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा प्रथम वाटले की, या पानांवर मी आजवर जे लिहीत आलो तेच पुन्हा लिहावे : लसीकरण, मुलांचा आहार, परीक्षेच्या दिवसांतील ताण. हे विषय महत्त्वाचे आहेत आणि त्यांवर पुढेही लिहीनच. यंदा मात्र अशा एका इजेविषयी लिहावयाचे ठरविले आहे, जी इतक्या वर्षांच्या व्यवसायात मी खात्रीने ओळखली ती केवळ बोटांवर मोजण्याइतक्या मुलांत; आणि न ओळखता किती मुलांत नजरेआड केली असेल, हे मला सांगता येणार नाही. इजा विरळ आहे. तिच्यामागे दडलेला प्रश्न मात्र आपल्या सीमाभागात रोजचा आहे.

अंगावर जखम नाही, रक्त नाही, हाड मोडलेले नाही, तरीही मार लागलेला आहे, अशा इजेला आपल्या भाषेत 'मुका मार' म्हणतात. हा शब्द मला फार नेमका वाटतो. उघडी जखम स्वतःच बोलते. मुका मार बोलत नाही. त्याला विचारावे लागते. आपण मात्र बहुधा विचारीत नाही. घरी आंबेहळदीचा लेप लागतो, दवाखान्यात वेदनाशामक औषध मिळते, आणि दोन्हीकडे एकच वाक्य ऐकू येते : 'मुका मार आहे, चार दिवसांत उतरेल.' शंभरात नव्याण्णव वेळा तो उतरतोही. हा लेख उरलेल्या एकाविषयी आहे.

काही वर्षांपूर्वीच्या आषाढातील गोष्ट. औराद तालुक्यातील एका खेड्यातून आठ वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे आला. सोबत आजी आणि आई. महिन्याभरातील ही त्याची तिसरी खेप होती. खोकला, धाप, मधूनमधून उलटी आणि उतरत चाललेले वजन. पहिल्या दोन्ही वेळी मी न्यूमोनिया समजून उपचार केले होते. औषधाने थोडा उतार पडे आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. तिसऱ्या वेळी काढलेल्या क्ष-किरण चित्रात छातीच्या डाव्या खालच्या भागात मोठी सावली होती आणि तीत हवेचे गोल पोकळ भाग दिसत होते. बालरोगतज्ज्ञाच्या डोळ्याला अशा चित्राचा एक अर्थ सरावाने दिसतो : जंतुसंसर्गाने फुप्फुसात झालेल्या पोकळ्या आणि भोवती साचलेला पू. सुई घालून तो पू काढून पाहावा, असे मी ठरविले. परिचारिका तयारी करू लागली.

तेवढ्यात आजी म्हणाल्या, "डाक्टरसाहेब, एक सांगू का? लेकरू जेवलं की धापा टाकतंय बगा. उपाशी असलं की बरं ऱ्हातंय."

मी थांबलो. न्यूमोनियाला जेवणाच्या वेळा कळत नाहीत. पुन्हा स्टेथॉस्कोप लावला. डाव्या छातीत श्वासाचा आवाज जवळजवळ नव्हता. होती ती गुडगुड, जी पोटात ऐकू यावयाची. मी विचारले, "आजी, हा कधी कुठून पडला होता का?"

"न्हाई बा," आजी ठामपणे म्हणाल्या.

दाराशी उभ्या असलेल्या मुलाच्या आईने पदर सावरला. "आत्याबाई, रागावू नगा," ती सासूकडे पाहून म्हणाली, आणि मग माझ्याकडे वळून सांगू लागली. वेळ अमावास्येला ती मुलाला घेऊन माहेरी, उदगीर तालुक्यात गेली होती. येळवशीला आपल्याकडे सारे गोत शेतात जमते. कोपीत पूजा होते, भज्जी-आंबिलीची पंगत बसते, आणि पोरांची वरात गाडीतून किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून जाते. परतताना हा मुलगा ट्रॉलीवरून खाली पडला आणि चाक त्याच्या पोटाच्या कडेवरून गेले. तेथील दवाखान्यात दोन दिवस ठेवले. फोटो काढला, तो चांगला आला. मुका मार आहे म्हणून घरी पाठविले. ट्रॉली तिच्या भावाची होती. सासरी कळले तर भावाला बोल लागेल, म्हणून तिने कोणास सांगितले नाही, आणि मुलालाही सांगू दिले नाही. "आता सात म्हैने झाले की सायेब," ती म्हणाली, "त्याचं अन् ह्या खोकल्याचं काय?"

सुई बाजूला ठेवली. नाकातून जठरात नळी घातली आणि पुन्हा चित्र काढले. नळीचे टोक पोटात नव्हते. ते डाव्या छातीत वेटोळे करून बसले होते. ज्याला मी पुवाची पोकळी समजत होतो ते त्या मुलाचे जठर होते. सुई घातली असती तर ती जठरात गेली असती, आणि आतील द्रव छातीत सांडून पुढे काय झाले असते ते व्यवसायबंधूंना सांगावयास नको. मुलाला त्याच दिवशी हैदराबादला पाठविले. शस्त्रक्रियेत श्वासपटलाला चार बोटे रुंदीची जुनी फाट आढळली. जठर, मोठ्या आतड्याचा काही भाग आणि प्लीहा, सारे छातीत चढले होते. ते खाली घेऊन फाट शिवण्यात आली. दोन महिन्यांनी तो मुलगा माझ्या दवाखान्याच्या पायऱ्या धावत चढला.

या कथेचा शेवट गोड झाला, त्याचे श्रेय आजींच्या निरीक्षणाला आणि त्या आईच्या धैर्याला आहे. माझ्या वाट्याला येते ते एवढेच की, तीन भेटींत मी त्या मुलाच्या खोकल्याविषयी वीस प्रश्न विचारले होते; तो कधी पडला होता का, हा एकविसावा प्रश्न विचारला नव्हता.

जे वाचक वैद्यकीय व्यवसायातील नाहीत त्यांच्यासाठी दोन शब्द सांगणे इष्ट ठरेल. छाती आणि पोट यांच्यामध्ये स्नायूंचा एक घुमटाकार पडदा असतो, तेच श्वासपटल. तो खाली सरकला की श्वास आत येतो, वर गेला की बाहेर पडतो. वर फुप्फुसे आणि हृदय. खाली उजवीकडे यकृत, डावीकडे जठर आणि प्लीहा. पोटावर एकाएकी मोठा दाब आला, म्हणजे चाक गेले, भिंत कोसळली किंवा दुचाकीचा दांडा रुतला, तर पोटातील दाब क्षणार्धात वाढतो आणि हा पडदा उसवतो. बाजूने धक्का बसला तर छातीचा पिंजरा वाकडा होऊन तो ताणाने फाटतो. उजवीकडे यकृताची उशी असल्याने फाट बहुधा डावीकडे आढळते. उजवीकडची फाट मात्र त्याच यकृतामुळे अधिक काळ झाकली जाते.

मुलांच्या बाबतीत एक विशेष आहे. त्यांच्या बरगड्या लवचीक असतात. प्रौढाच्या बरगड्या मोडतात आणि माराची साक्ष देतात. मुलाच्या बरगड्या वाकतात, मार आत पोहोचवितात आणि पूर्ववत होतात. म्हणून 'एकही बरगडी मोडलेली नाही' हे वाक्य प्रौढाच्या बाबतीत जेवढा दिलासा देते तेवढा मुलाच्या बाबतीत देत नाही. मुक्या माराने रुग्णालयात आलेल्या मुलांत ही इजा शेकडा एकाहूनही कमी प्रमाणात आढळते. आणि आढळते तेव्हा सोबत बहुधा प्लीहा, यकृत, फुप्फुस किंवा डोके यांची इजा असते. स्वाभाविकच साऱ्यांचे लक्ष तिकडे असते. श्वासपटलाकडे पाहण्यास त्या रात्री कोणाला उसंत नसते.

दुसरी अडचण अशी की, ही फाट आपोआप भरून येण्याची आशा ठेवता येत नाही. शरीराच्या इतर जखमांना विश्रांती मिळते. श्वासपटलाला मिनिटाला वीस-पंचवीस वेळा हलावेच लागते. शिवाय पोटात दाब अधिक आणि छातीत कमी असतो. शांत श्वासातदेखील हा फरक पाण्याच्या सात ते वीस सेंटिमीटर स्तंभाइतका असतो. जोर केला की तो शंभरावर जातो. हा फरक रात्रंदिवस पोटातील अवयवांना फटीतून वर ओढीत राहतो. आज फटीत केवळ चरबीची झालर अडकते, काही महिन्यांनी जठर, मग आतडे. शल्यचिकित्सक ग्राइम्स यांनी १९७४ मध्ये या इजेच्या तीन अवस्था मांडल्या : इजेची तातडीची अवस्था, मग काही दिवस ते काही वर्षे चालणारी सुप्त अवस्था, आणि शेवटी अवयव फटीत आवळून त्यांचा रक्तपुरवठा तुटण्याची अवस्था. सुप्त अवस्थेत मूल शाळेत जाते, खेळते, जेवते. तक्रार असलीच तर खोकला, जेवणानंतरची धाप, खांद्यात किंवा पोटात वरच्या बाजूला अधूनमधून दुखणे. या तक्रारी घेऊन ते कोणाकडे येते? शल्यचिकित्सकाकडे नव्हे. ते येते आमच्याकडे, बालरोगतज्ज्ञांकडे आणि कुटुंबाच्या डॉक्टरांकडे. म्हणून हा विषय शस्त्रक्रिया करणाऱ्यांपेक्षा आमचा अधिक आहे, असे माझे मत आहे.

ही गोष्ट नवी नाही. फ्रेंच शल्यचिकित्सक आंब्रोज पारे यांनी सोळाव्या शतकात एका तोफखान्याच्या कप्तानाची हकीकत नोंदविली आहे. त्याला गोळी लागली होती, तो बरा झाला, आणि आठ महिन्यांनी पोटशूळाने दगावला. शवविच्छेदनात श्वासपटलाला करंगळीचे टोक जाईल एवढेच छिद्र होते, आणि त्यातून मोठे आतडे छातीत जाऊन आवळले गेले होते. तेथे इजा गोळीची होती, मुक्या माराची नव्हे. परंतु छिद्र लहान, काळ मोठा आणि बरे झाल्याचा भ्रम पुरेपूर, हे तिन्ही तेथे होते आणि माझ्या त्या रुग्णातही होते.

आता यंत्रांविषयी. 'आमच्याकडे सी.टी. स्कॅन नव्हते म्हणून निदान झाले नाही' हे कारण एके काळी खरे होते. आज बीदर आणि कलबुर्गी येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत, सोलापूर व लातूर येथे आहेत, तालुक्याच्या गावी सोनोग्राफी आहे. तरीही ही इजा सुटते. कारण पहिल्या दिवशीचे छातीचे चित्र पुष्कळदा निर्दोष असते. फाट असते, पण अवयव अजून वर सरकलेले नसतात. मूल व्हेंटिलेटरवर असेल तर यंत्राचा दाब त्यांना खालीच रोखून धरतो. यंत्र काढल्यावर ते वर जातात, आणि तोवर चित्र काढून झालेले असते. सी.टी. स्कॅनलाही लहान फाट चुकते. त्यामुळे त्या मुलाला 'मुका मार' म्हणून घरी पाठविणाऱ्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. त्या दिवशी त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केले असते. चूक त्या दिवशी झाली नाही. ती त्यानंतरच्या सात महिन्यांत झाली, आणि त्या चुकीत आम्ही सारे सहभागी होतो.

ती चूक अशी की, त्या मुलाच्या पडण्याची हकीकत त्याच्यासोबत प्रवास करू शकली नाही.

या मुद्द्यावर मी थोडे रेंगाळणार आहे, कारण तो आपल्या भागाचा खास मुद्दा आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची वाटणी झाली. नकाशावर रेघ आली, पण रोटीबेटीचे व्यवहार तुटले नाहीत. भालकीची लेक उदगीरला दिली जाते, निलंग्याची औरादला, उमरग्याची बसवकल्याणला, अक्कलकोटची आळंदला. बाळंतपण माहेरी, शाळा सासरी, सुट्टी मामाकडे, ऊसतोडीच्या हंगामात मुक्काम तिसरीकडेच. मूल एका राज्यात पडते, दुसऱ्या राज्यात खोकते, आणि शस्त्रक्रियेला तिसऱ्या राज्यात जाते. माझ्या त्या रुग्णाचे डिस्चार्ज कार्ड मामाच्या घरी पत्र्याच्या पेटीत होते. त्यावर इंग्रजीत एक ओळ होती : पोटाला मुका मार, शस्त्रक्रियेविना उपचार. ती ओळ माझ्या टेबलावर आली असती तर पहिल्याच भेटीत मी सावध झालो असतो. पण कागद मामाच्या पेटीत आणि लेकरू माझ्या टेबलावर, मध्ये केवळ साठ-सत्तर किलोमीटर.

हकीकत हरवण्याचे दुसरे कारण भीती. ट्रॉली भावाची, बैलगाडी मालकाची, दुचाकी विनापरवाना चालविणाऱ्या पुतण्याची, किंवा मार खुद्द घरातल्याच कोणा रागीट माणसाचा. पोलीस ठाण्याचा ससेमिरा नको म्हणून 'जिन्यावरून पडला' असे सांगण्याची वहिवाट आहे. मग ज्या घराला जिनाच नाही त्या घरातील मूलही जिन्यावरून पडते. इजा कुठल्या राज्याच्या हद्दीत झाली यावरून ठाणे बदलते, ही आणखी एक धास्ती. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा प्रकरणात स्पष्ट केले की, जखमीवर उपचार प्रथम, कायद्याचे सोपस्कार नंतर. वैद्यकीय-कायदेशीर नोंद करणे हे आपले कर्तव्य आहे आणि ते टाळावे असे मी सुचवीत नाही. पण हकीकत ऐकताना आपला चेहरा फौजदाराचा झाला तर समोरची आई गप्प बसते, आणि तिचे गप्प बसणे मुलाला महागात पडते. मुलालाही भीती असते. 'सांगितलेस तर मार खाशील' हे वाक्य ज्याने ऐकले आहे, ते मूल डॉक्टरला काहीही सांगणार नाही.

तिसरे कारण आपल्या भोवतालात मुरलेले आहे. अंगावर भार येणे ही गोष्ट येथे इतकी नेहमीची आहे की, ती सांगण्यासारखी वाटतच नाही. पाणकळ्यात माळवदाची भिंत खचते, हंगामात उसाने लादलेल्या ट्रॉल्या रस्त्याने झुलत जातात, बैलगाडीच्या दांडीवर पोरे लोंबकळतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने दगड-मातीच्या भिंतींचे वजन साऱ्या देशाला दाखविले. सुमारे दहा हजार माणसे गेली. मी तेव्हा पदव्युत्तर शिक्षण घेत होतो आणि मदत पथकासोबत उमरगा तालुक्यात गेलो होतो. एक ज्येष्ठ शल्यचिकित्सक आम्हाला वारंवार बजावीत : "अंगावर खूण नाही म्हणून आत काही नाही, असे समजू नका. भार किती वेळ होता ते विचारा." तो उपदेश मी वहीत लिहून घेतला होता. आषाढातल्या त्या दिवशी तो मला आठवला, पण आजींनी आठवण करून दिल्यावर.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. इतक्या विरळ इजेसाठी पडलेल्या प्रत्येक मुलाचे सी.टी. स्कॅन करावयाचे काय? मुळीच नाही. लहान मुलांना विनाकारण किरणोत्सर्ग देण्याच्या मी विरोधात आहे. गरीब कुटुंबाला विनाकारण खर्चात टाकण्याच्या तर अधिकच. माझे म्हणणे इतकेच की, प्रश्न विचारण्यास किरणोत्सर्ग होत नाही आणि शुल्कही लागत नाही. विरळ रोगासाठी महाग तपासणी सर्वांची करणे चूक; परंतु विरळ रोगासाठी फुकटचा प्रश्न सर्वांना न विचारणे हीही चूकच.

दुसरा आक्षेप तरुण सहकाऱ्यांचा असतो : गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात एका मुलामागे चार मिनिटे मिळतात, त्यात एक वर्षापूर्वीचे पडणे कोण विचारणार? त्यांची अडचण मला कळते. मीही त्या गर्दीत बसलो आहे. सर्दी-पडशाच्या प्रत्येक मुलाला हे विचारा, असे मी म्हणत नाही. पण ज्या मुलाचा 'न्यूमोनिया' एकाच जागी दुसऱ्यांदा उद्भवतो, ज्याची धाप जेवणाशी बांधलेली आहे, ज्याच्या चित्रात डावे श्वासपटल वर चढलेले किंवा पुसट आहे, ज्याच्या छातीत आतड्याचा आवाज येतो, ज्याचे हृदय उजवीकडे ढकललेले आहे, त्याच्यासाठी अर्धे मिनिट काढावे. छातीत जठर आढळले आणि माराचा इतिहास नसला, तर जन्मजात हर्नियाही उशिरा प्रकट होऊ शकतो हे ध्यानात ठेवावे. तेथेही सुईची घाई तितकीच घातक.

व्यवसायबंधूंसाठी माझ्या सूचना थोडक्या आहेत. पोटावर किंवा छातीवर भार आलेल्या मुलाचे पहिले चित्र निर्दोष असले तरी घरी पाठविण्यापूर्वी एकदा आणि फेरतपासणीच्या वेळी एकदा ते पुन्हा पाहावे. व्हेंटिलेटर काढल्यावर तर अवश्य. शंका आली तर जठरात नळी घालून चित्र काढावे. तालुक्याच्या ठिकाणी उपलब्ध असलेली ही सर्वांत स्वस्त आणि बोलकी तपासणी आहे. सोनोग्राफी करणाऱ्या सहकाऱ्यास दोन्ही बाजूंचे श्वासपटल श्वासासोबत हलते का, हे मुद्दाम पाहावयास सांगावे. माराचा इतिहास असलेल्या मुलाच्या डाव्या छातीत सुई किंवा नळी घालण्यापूर्वी 'हे जठर तर नव्हे?' असे स्वतःला विचारावे, आणि नळी घालावीच लागली तर आधी बोटाने चाचपून घालावी. मोठ्या गावी पाठविताना जठरातील नळी उघडी ठेवावी, डोक्याकडची बाजू उंच ठेवावी, मुखवट्यातून जोराने हवा भरणे शक्यतो टाळावे. कारण ती हवा जठरात जाऊन छातीतच फुगते.

पालकांसाठी त्याहूनही थोडक्या. मूल पडले, त्याच्या अंगावरून काही गेले, भिंत किंवा पोते पडले, तर ते डॉक्टरांना खरे सांगावे. कोणाची गाडी होती हे न सांगितले तरी चालेल, चाक गेले हे सांगावे. दवाखान्याचा कागद टाकू नये. त्यानंतर वर्ष-दोन वर्षांतदेखील जेवल्यावर धाप लागू लागली, वारंवार उलटी होऊ लागली, किंवा एकाएकी पोट फुगून मूल मलूल झाले, तर जुनी हकीकत पुन्हा सांगावी. ती कोणी विचारील याची वाट पाहू नये.

आणि आता एक प्रस्ताव आपल्या संस्थेपुढे. नवा कागद, नवे कार्ड, नवी मोहीम यांचा मला आता उत्साह उरलेला नाही. असे कागद वर्षभरात दिसेनासे होतात. परंतु बालरोगतज्ज्ञ म्हणून एक गोष्ट मी रोज पाहतो. आपल्या भागातील आई एक कागद प्राणपणाने जपते, तो म्हणजे लसीकरणाचे कार्ड. कर्नाटकात तिला तायी कार्ड मिळते, महाराष्ट्रात माता-बाल संरक्षण कार्ड. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले ते कार्ड माहेरी जाते, ऊसतोडीला जाते, शाळेत दाखल करताना निघते. पाचव्या, दहाव्या आणि सोळाव्या वर्षीच्या लसींपर्यंत त्याचे काम असते. सीमेची रेघ ओलांडून जाणारा आपल्याकडे तेवढा एकच वैद्यकीय कागद आहे. मग मुलाला मोठा मार लागला की, त्या कार्डाच्या मागील कोऱ्या जागेत दोन ओळी का लिहू नयेत? तारीख, भार कशाचा, कुठे लागला, काय केले. वैद्यकीय ओळ इंग्रजीत, आणि आईला वाचता येईल अशी एक ओळ मराठीत किंवा कन्नडमध्ये. यासाठी शासनाचा आदेश लागत नाही, निधी लागत नाही. संस्थेच्या सभासदांनी आपापल्या दवाखान्यात उद्यापासून सुरुवात केली, आणि उदगीर, लातूर, सोलापूरकडील मित्रांना सांगितले, तरी पुरे.

या आग्रहामागे आणखी एक कारण आहे. तो मुलगा बरा झाल्यानंतर काही दिवसांनी मला त्याच्या कितीतरी वर्षे आधीची एक रात्र आठवली. सहा वर्षांची मुलगी, पोट फुगलेले, उलट्या, जोराची धाप, हातपाय गार. आणले तेव्हाच फार उशीर झाला होता. दीड तासात ती गेली. मी कागदावर 'रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग' असे कारण लिहिले. शवविच्छेदन झाले नाही. पहाटे तिला उचलून नेताना तिचे वडील कोणाला उद्देशून नव्हे असे म्हणाले, "मागल्या पाणकळ्यात भिंतीखालून वाचली व्हती." त्या वेळी मला ते वाक्य दैवाविषयीचे वाटले आणि मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

त्या मुलीला काय झाले होते हे आता कधीही कळणार नाही. कदाचित मी लिहिले तेच कारण खरे असेल. पण त्या आषाढानंतर माझ्या केसपेपरवर मुलाच्या वजनाच्या रकान्याखाली मी एक ओळ छापून घेतली आहे : 'गेल्या दोन वर्षांत कधी पडला/पडली होती का? अंगावरून किंवा अंगावर काही गेले/पडले होते का?' बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असेच येते. कधी आई नाही म्हणते आणि मूल तिच्याकडे पाहते. मग मी आईला औषधाच्या खिडकीकडे पाठवून मुलाशी दोन मिनिटे क्रिकेटविषयी बोलतो, आणि पुन्हा विचारतो.